एका ट्रॅक्टरचे स्टेअरिंग दुसऱ्याला बसवावे काय?

ट्रॅक्टर हे यंत्र आज केवळ नांगरटीपुरते राहिलेले नाही. मशागत आणि पेरणी आटोपली की तोच ट्रॅक्टर ट्रॉली जोडून रस्त्यावर येतो आणि ऊस, कांदा, कापूस, शेणखत, विटा अशा नाना प्रकारच्या मालाची ने-आण करतो. शेतात चालकाचा हात चुकला तर फार तर तास वाकडे जाते. परंतु रस्त्यावर, घाटात किंवा बिनकठड्याच्या विहिरीजवळ हाताने दिलेली आज्ञा पुढच्या चाकांपर्यंत पोचलीच नाही, तर त्याचे मोल माणसाच्या जिवाने द्यावे लागते. बैलगाडीत जे स्थान कासऱ्याचे, तेच ट्रॅक्टरमध्ये स्टेअरिंगचे आहे.

असे असूनही स्टेअरिंगच्या चाकाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. इंजिनाचे तेल वेळेवर बदलणारा शेतकरीही स्टेअरिंगचे चाक मोडले म्हणजे जुन्या बाजारात जातो आणि दिसावयास सारखे, किमतीस स्वस्त असे दुसऱ्याच ट्रॅक्टरचे चाक घेऊन येतो. "दांड्यावर बसले ना, मग झाले," अशी समजूत असते. दांड्यावर चाक बसणे आणि ते दांड्याशी जुळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील फरक कसा ओळखावा, कोणते चाक चालेल, कोणते मुळीच चालणार नाही आणि बदलावयाचेच झाल्यास ते कोणत्या रीतीने बदलावे, याची माहिती येथे दिली आहे.

चाक बदलण्याची वेळ का येते?

चाक बदलावेसे वाटण्याची कारणे बहुधा तीन असतात. पहिले कारण म्हणजे चाक खरोखरच मोडणे. उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकावरील आवरण तडकते, आतील लोखंडी कडे उघडे पडते, आरा निखळतो. अशा वेळी चाक बदलणे आवश्यकच असते. दुसरे कारण स्टेअरिंग जड जाणे आणि तिसरे ते ढिले वाटणे. या दोन तक्रारींचा दोष मात्र चाकात क्वचितच असतो.

स्टेअरिंग जड जात असेल तर एक सोपी परीक्षा करावी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, मागील चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत, पुढील आसाखाली जॅक लावून दोन्ही पुढची चाके जमिनीपासून उचलावीत आणि आसाखाली भक्कम आधार द्यावा. नंतर स्टेअरिंग फिरवून पाहावे. ते आता हलके फिरत असेल तर दोष टायरमधील कमी हवेचा किंवा पुढील बाजूस टाकलेल्या अधिक वजनाचा असण्याचा संभव आहे. चाके अधांतरी असतानाही ते जडच फिरत असेल, तर स्टेअरिंगच्या पेटीतील तेल, दांड्याचे बेअरिंग आणि पुढील चाकांच्या उभ्या खुंट्यांतील ग्रीस तपासून घ्यावे.

स्टेअरिंग ढिले वाटत असेल तर एका माणसाने चाक थोडे डावीउजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली बसून प्रत्येक सांधा पाहावा. हालचाल ज्या सांध्यात हरवते, तेथे दोष असतो. मोटार वाहनांबाबतच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत ही मोकळी हालचाल चाकावर ३० अंशांपेक्षा अधिक असू नये, असे सांगितले आहे. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ३० अंश म्हणजे कडेला सुमारे साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धी वीत होते. ही शेवटची मर्यादा आहे. सुस्थितीतील ट्रॅक्टरमध्ये मोकळी हालचाल याहून बरीच कमी असते. जडपणा किंवा ढिलाई यांवर नवे चाक हा उपाय नव्हे. मूळ दोष तसाच राहतो आणि वर न जुळणाऱ्या चाकाचा नवा दोष येऊन मिळतो.

आणखी एक अडचण जुन्या ट्रॅक्टरांची आहे. उदाहरणार्थ, एच.एम.टी. या सरकारी उद्योगाने १९७१ साली चेकोस्लोव्हाकियातील झेटर ट्रॅक्टरच्या तंत्रसाहाय्याने ट्रॅक्टरनिर्मिती सुरू केली आणि २०१६ साली केंद्र सरकारने तो विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. या बनावटीचे कित्येक ट्रॅक्टर अजूनही कामात आहेत. ज्या यंत्राचे उत्पादन थांबले आहे त्याचा सुटा भाग शोधण्यास वेळ लागतो आणि मग दुसऱ्या बनावटीचे चाक लावण्याचा मोह होतो. हा मोह स्वाभाविक असला तरी मापे घेतल्याशिवाय त्यास बळी पडू नये.

दांडा आणि तुंबा यांचा सांधा

बैलगाडीच्या चाकात मधोमध तुंबा असतो, त्यात आरे बसविलेले असतात आणि तुंब्याच्या भोकात आस जातो. स्टेअरिंगच्या चाकाची रचना अशीच आहे. मधल्या लोखंडी भागास मिस्त्री लोक हब म्हणतात. आपण त्यास तुंबाच म्हणू. मात्र एक मोठा भेद ध्यानात ठेवावा. गाडीचे चाक आसावर मोकळे फिरावयाचे असते, तर स्टेअरिंगचा तुंबा दांड्यावर यत्किंचितही फिरता कामा नये. चालकाच्या हाताचे सर्व बळ या एका सांध्यातूनच खाली जाते.

हा सांधा पक्का राहावा म्हणून दांड्याचे टोक विशिष्ट प्रकारे घडविलेले असते. काही ट्रॅक्टरांत ते निमुळते असून त्यावर चावीची खाच असते. काहींत दांड्याच्या सर्व अंगाने बारीक उभे दाते पाडलेले असतात आणि तसेच दाते तुंब्याच्या आतील बाजूस असतात. काहींत निमुळतेपणा आणि दाते ही दोन्ही असतात. सर्वांत वर आटे असून त्यांवर नट बसतो. निमुळत्या सांध्यात नट आवळला की तुंबा खाली दाबला जाऊन दांड्याला घट्ट पकडतो. ही पकड मुख्य भार घेते. चावी आणि दाते तिला साहाय्य करतात. पकड सैल झाली म्हणजे सारा भार चावीवर किंवा दात्यांवर येतो, ते घासू लागतात आणि काही काळाने तुटतात किंवा गुळगुळीत होतात.

येथे हेही लक्षात घ्यावे की या सांध्यावर केवळ चालकाच्या हाताचाच जोर येत नाही. पुढचे चाक दगडावर किंवा बांधावर आदळले की तो धक्का उलट दिशेने दांड्यावरून वर येतो. शेतात दिवसभरात असे असंख्य धक्के बसतात. त्यामुळे सकाळी घट्ट भासणारा पण न जुळणारा सांधा संध्याकाळपर्यंत सैल होऊ शकतो.

गळीत हंगामात उसाची ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आला होता. त्याला दुसऱ्या बनावटीचे चाक लावलेले होते आणि फट भरून काढण्यासाठी तुंब्यात पत्र्याची पट्टी ठोकलेली होती. तीन आठवडे काहीच घडले नाही. नंतर ओढ्याच्या उताराकडे वळताना चाक चालकाच्या हातात मोकळे फिरले. उतार नुकताच सुरू झालेला होता आणि वेग अगदी कमी होता, म्हणून ट्रॅक्टर काठावरच्या मातीत रुतून थांबला. चाक उतरवून पाहिले तेव्हा पट्टीचा चुरा झालेला होता आणि दांड्याचे दाते एका बाजूने पार झिजलेले होते. चाकाची किंमत वाचवावयास जाऊन शेवटी दांडाही बदलावा लागला.

जुळावयाच्या पाच गोष्टी

दुसऱ्या ट्रॅक्टरचे चाक लावावयाचे असल्यास पुढील पाचही गोष्टी जुळल्या पाहिजेत. चार जुळल्या आणि एक राहिली, तरी ते चाक नाकारावे.

१. दात्यांची संख्या व आकार : दांड्याच्या एका दात्यावर खडूने खूण करावी आणि तेथून पुन्हा त्याच खुणेपर्यंत दाते मोजावेत. मोजणी दोनदा करावी. तुंब्यातील दातेही असेच मोजावेत. समजा, दांड्यावर ३६ दाते आहेत आणि तुंब्यात ४० आहेत. पहिल्यात दर १० अंशांवर एक दाता येतो, दुसऱ्यात दर ९ अंशांवर. असा तुंबा हातोडीने ठोकून बसविला तर संपूर्ण फेऱ्यात केवळ चार ठिकाणी दाते नेमके समोर येतात. बाकी सर्व ठिकाणी एक दाता दुसऱ्याला तासून काढतो. वरून पाहणाऱ्यास तुंबा अगदी घट्ट बसलेला वाटतो. संख्या सारखी असली तरी दात्यांची उंची, जाडी आणि दांड्याचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने पडताळून घ्यावा.

२. निमुळतेपणा : दोन दांड्यांच्या वरच्या टोकाची जाडी सारखी असली तरी ती खाली किती वेगाने वाढते हे वेगळे असू शकते. याची परीक्षा गावातही करता येते. दांड्याचा निमुळता भाग स्वच्छ पुसून त्यावर तेलात कालवलेल्या काजळीचा अगदी पातळ हात द्यावा. तुंबा सरळ खाली दाबून, न फिरवता पुन्हा वर काढावा. तुंब्याच्या आतील बाजूस काजळी सर्वत्र सारखी लागली असेल तर निमुळतेपणा जुळतो. ती केवळ वरच्या किंवा केवळ खालच्या कडेस वळ्यासारखी उमटली, तर तुंबा फक्त त्या कडेवर टेकतो आहे असे समजावे. असा तुंबा नट कितीही आवळला तरी डुलत राहतो.

३. चावी व तिची खाच : ज्या दांड्यास चावी आहे त्याच्या तुंब्यातही त्याच रुंदीची व खोलीची खाच असली पाहिजे. चावी बोटाने हलता कामा नये. चावी काढून टाकून केवळ नटाच्या जोरावर चाक चालविणे, किंवा चावीच्या जागी खिळ्याचा तुकडा ठोकणे हे दोन्ही घातक होय.

४. आटे : आपल्याकडील ट्रॅक्टरांची घराणी वेगवेगळी आहेत. मद्रास येथे १९६० साली स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसनच्या बनावटीचे ट्रॅक्टर आणले, महिंद्र कंपनीने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर काम सुरू केले आणि एच.एम.टी. ने झेटरचा आराखडा घेतला. इंग्लंड-अमेरिकेकडील जुन्या आराखड्यांत आटे इंचांच्या मापाचे असत, तर चेकोस्लोव्हाकियाकडील आराखड्यांत मिलिमीटरचे. त्यामुळे चाकाबरोबर आलेला नट आपल्या दांड्याचा नसण्याचा संभव असतो. उदाहरणार्थ, पाऊण इंची बारीक आट्यांच्या दांड्याचा व्यास १९.०५ मिलिमीटर असतो आणि एका इंचात १६ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतील अंतर सुमारे १.५९ मिलिमीटर असते. वीस मिलिमीटरच्या बारीक आट्यांच्या नटात हे अंतर १.५ मिलिमीटर असते. हा नट त्या दांड्यावर सहज चढतो, पुढे थोडा अडतो आणि आवळल्यासारखा वाटतो. पण त्याचे आटे केवळ शेंड्यांवर टेकलेले असतात. असा नट धक्क्यासरशी निसटतो. नट नेहमी दांड्याचाच वापरावा, चाकाबरोबर आलेला वापरू नये.

५. बसण्याची खोली : तुंबा पूर्ण खाली बसल्यावर दांड्याचा निमुळता किंवा दातेरी भाग तुंब्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या किंचित खालीच राहिला पाहिजे, म्हणजे नटाचा दाब तुंब्यावर पडतो. तो भाग वर डोकावत असेल तर नट त्या खांद्यावर टेकून थांबतो आणि तुंबा मोकळाच राहतो. उलट, तुंबा फार वर राहिला तर नटास पुरेसे आटे मिळत नाहीत. नट पूर्ण आवळल्यावर दांड्याचे टोक नटाबाहेर थोडे तरी दिसले पाहिजे.

चाकाचा व्यास हाही एक तरफदांडाच आहे

सांधा जुळला म्हणजे सर्व झाले असे नाही. पहारीने दगड उलथताना पहार जितकी लांब तितका जोर कमी लागतो, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. स्टेअरिंगच्या चाकाचे तसेच आहे. समजा, ४५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर वळण घेण्यास कडेला १२ किलोचा जोर लागतो. चाकाची त्रिज्या साडेबावीस सेंटिमीटर आहे, म्हणून दांड्यावर पडणारे बळ १२ गुणिले साडेबावीस, म्हणजे २७० किलो-सेंटिमीटर झाले. त्या जागी मोटारगाडीचे ३६ सेंटिमीटर व्यासाचे चाक लावले तर त्रिज्या १८ सेंटिमीटर होते. तेच २७० चे बळ मिळविण्यास आता १५ किलोचा जोर लावावा लागेल. म्हणजे जोर चौथ्या हिश्शाने वाढला. दिवसातून शेकडो वेळा वळणे घेणाऱ्या चालकाच्या खांद्यांवर याचा परिणाम होतो आणि संध्याकाळी, थकलेल्या हातांनी रस्ता धरण्याच्या वेळी, हीच उणीव जाणवते. एका जोडीचे जू दुसऱ्या जोडीच्या मानेवर ठेवले तर गाडी चालते खरी, पण बैलांचे खांदे सुजतात. त्यातलाच हा प्रकार समजावा.

फार मोठे चाकही सोईचे नसते. ते गुडघ्यांना, हातब्रेकला किंवा गिअरच्या दांडीला लागत नाही ना, हे बसून पाहावे. चाकाची खोलगट घडणही निरनिराळी असते. एखादे चाक तुंब्यापासून वर उचललेले असते, तर एखादे सपाट असते. वर उचललेले चाक छातीच्या जवळ येते; सपाट चाक दूर जाते आणि चालकास पुढे वाकून बसावे लागते. चालकाची पाठ आसनास टेकलेली असताना दोन्ही कोपरे किंचित वाकलेली राहावीत आणि क्लच पूर्ण दाबताना गुडघा चाकास लागू नये, ही साधी कसोटी आहे.

पॉवर स्टेअरिंग असलेले ट्रॅक्टर

पॉवर स्टेअरिंगमध्ये चाक फिरविण्याचे कष्ट तेलाचा दाब करतो. त्यामुळे अशा ट्रॅक्टरांस लहान व्यासाचे चाक देता येते. हे चाक दिसावयास सुबक असल्याने साध्या स्टेअरिंगच्या ट्रॅक्टरला लावण्याची इच्छा होते. एकाच कंपनीच्या, एकाच अश्वशक्तीच्या दोन ट्रॅक्टरांपैकी एकास साधे व दुसऱ्यास पॉवर स्टेअरिंग असू शकते आणि दोहोंचे दांडे भिन्न असू शकतात. सबब, केवळ कंपनीचे नाव पाहून चाक घेऊ नये. चाक बदलल्याने साधे स्टेअरिंग पॉवर स्टेअरिंग होत नाही, हे तर उघडच आहे.

पॉवर स्टेअरिंगच्या ट्रॅक्टरलाही मूळ चाकापेक्षा लहान चाक लावू नये. उतारावर इंजिन अकस्मात बंद पडले तर पंप थांबतो आणि तेलाच्या दाबाचे साहाय्य नाहीसे होते. त्या क्षणी केवळ हाताच्या बळावर ट्रॅक्टर वळवावा लागतो आणि चाकाचा प्रत्येक सेंटिमीटर उपयोगी पडतो.

चाकावर गोल मूठ बसवून एका हाताने स्टेअरिंग गरगर फिरविण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. साध्या स्टेअरिंगच्या ट्रॅक्टरवर अशी मूठ लावू नये. पुढचे चाक दगडावर आदळले की स्टेअरिंग उलटे झटकते आणि ती मूठ मनगटावर किंवा अंगठ्यावर आपटते. याच कारणासाठी खडबडीत रानात चालकाने अंगठे चाकाच्या आत न अडकविता कडेवर ठेवावेत.

पुढील उपाय कदापि करू नयेत

तुंबा दांड्याला वेल्डिंगने जोडू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने दांड्याचे पोलाद आपला मूळ गुण सोडते व जोडाशेजारी ठिसूळ होते. खालचे बेअरिंग व तेलाचे सील करपण्याचा संभव असतो आणि पुढे दुरुस्तीसाठी चाक काढणे अशक्य होते.

फट भरण्यासाठी पत्रा, तार किंवा सुतळी घालू नये. मऊ वस्तू दबते, झिजते आणि एके दिवशी सांधा मोकळा होतो.

न जुळणारे दाते कानशीने घासून जुळवू नयेत. घासलेला दाता पुन्हा भरून येत नाही. तुंबा बिघडला तर चाक जाते, दांडा बिघडला तर बराच मोठा खर्च येतो.

लेथवर पातळ बूश कातून दोहोंच्या मध्ये बसविणेही टाळावे. अशाने एका सांध्याचे दोन सांधे होतात, आणि दोहोंपैकी कोणताही एक घसरला तरी चाक हातात मोकळे फिरते.

काढण्याची व बसविण्याची रीत

पाचही मापे जुळणारे चाक हाती असेल तर ते पुढील क्रमाने बसवावे.

ट्रॅक्टर सपाट जागी, पुढची चाके सरळ ठेवून उभा करावा. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, हातब्रेक लावावा आणि मागील चाकांना ठोकळे द्यावेत. हॉर्नचे बटन चाकाच्या मध्यभागी असल्यास बॅटरीची तार सोडून मगच ते काढावे व तारांची जागा ध्यानात ठेवावी.

झाकण काढल्यावर दांड्यावर व तुंब्यावर समोरासमोर खूण करावी. नट सैल करावा, परंतु तो पूर्ण काढू नये. दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवावा. चाक अकस्मात सुटले तर ते तोंडावर येऊन आपटू नये, हा यातील हेतू आहे. नंतर पुलर लावून तुंबा सैल करावा. दांड्याच्या टोकावर हातोडीचे घाव घालू नयेत. त्याने आटे चेपतात आणि खालच्या पेटीतील भागांना इजा पोचते.

दांडा व तुंबा रॉकेलने धुऊन कोरडे पुसावेत. दात्यांना तडा, झीज किंवा चेप आहे काय ते उजेडात पाहावे. निमुळत्या भागास ग्रीस लावू नये; तो स्वच्छ व कोरडा असावा. खुणा जुळवून तुंबा सरळ बसवावा, नवा स्प्रिंग वॉशर घालावा आणि ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाने नट आवळावा. मूळ रचनेत कुलूपनट असेल तर तोही लावावा.

बसविल्यावर चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली व आजूबाजूस हलवून पाहावे. सरळ स्थितीपासून डाव्या टोकापर्यंत व उजव्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजावेत. दोन्ही बाजूंस ते सारखे यावेत. हॉर्न वाजतो काय ते पाहावे, कारण दुसऱ्या चाकात हॉर्नचा जोड निराळा असू शकतो आणि हॉर्नवाचून रस्त्यावर जाणे धोक्याचे आहे. नंतर मोकळ्या रानात, ट्रॉली न जोडता, सावकाश ट्रॅक्टर चालवून दोन्ही बाजूंस वळणे घ्यावीत. पहिल्या दिवसाचे काम संपल्यावर नट पुन्हा तपासावा आणि आठवड्याने आणखी एकदा पाहावा. तो दर वेळी सैल सापडत असेल तर पुन्हा पुन्हा आवळत न बसता ते चाक उतरवावे. तो सांधा जुळत नाही, असाच त्याचा अर्थ होय.

जीप, मोटार व पिक-अप यांविषयी

शेतमाल बाजारात नेणाऱ्या गाड्यांस वर सांगितलेले सर्व नियम लागू आहेतच, परंतु नव्या गाड्यांत आणखी एक बाब असते. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रवासी मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आहे आणि ती स्टेअरिंगच्या चाकातच असते. पुष्कळ पिक-अप गाड्यांतही ती आढळते. टक्कर झाल्यावर ही पिशवी क्षणार्धात फुगते. ती फुगविणारे रसायन चाकाच्या मध्यभागी असते आणि चाकाखाली गुंडाळलेल्या चपट्या तारेतून त्यास विजेचा संकेत मिळतो.

अशा गाडीस दुसऱ्या गाडीचे चाक लावणे म्हणजे प्रसंगी प्राण वाचविणारे साधन निकामी करणे होय. दुसऱ्या बनावटीची पिशवी आपल्या गाडीच्या नियंत्रक यंत्रणेशी जुळेलच असे नाही. ती वेळेवर फुगणार नाही किंवा भलत्या वेळी फुगेल. बॅटरीची तार सोडल्यानंतरही काही वेळ यंत्रणेत वीज साठून राहते. म्हणून एअरबॅगच्या चाकास गावातील मिस्त्रीने हात लावू नये. ते काम कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत, त्याच गाडीच्या सुट्या भागांनी करून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

पोळ्याच्या सुमारास आपण बैलांचे खूर, खांदे आणि वेसण पाहतो. त्याच रीतीने दसऱ्यानंतर, ऊसवाहतूक सुरू होण्यापूर्वी, गावातील ट्रॅक्टरांची एक पाहणी करावी. त्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. एक मोजपट्टी, खडू आणि पाना पुरेसा आहे. प्रत्येक ट्रॅक्टरजवळ पुढील चार प्रश्न विचारावेत. चाक याच ट्रॅक्टरचे आहे काय? नट घट्ट आहे काय? तुंब्यात पत्रा, तार किंवा वेल्डिंग दिसते काय? चाकाची मोकळी हालचाल कडेवर किती सेंटिमीटर भरते? चाळीस सेंटिमीटरच्या चाकावर ती साडेदहा सेंटिमीटरच्या जवळ गेली असेल, किंवा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आले, तर तो ट्रॅक्टर दुरुस्त झाल्याखेरीज ट्रॉलीस जोडू नये, असे मालकास समजावून सांगावे.

समजावताना मालकापेक्षाही चालकाशी अधिक बोलावे. ट्रॅक्टर पुष्कळदा मालक स्वतः चालवीत नाही. चाकामागे त्याचा मुलगा, सालगडी किंवा हंगामापुरता आलेला चालक असतो आणि ट्रॉलीवर ऊसतोडणी मजुरांची कुटुंबे बसलेली असतात. सांध्याची ढिलाई प्रथम चालकाच्याच हाताला कळते. "चाक जरा हलते आहे," असे तो म्हणाला तर त्याचे म्हणणे त्याच दिवशी मनावर घ्यावे.

सारांश

चाक मोडले असेल तरच बदलावे. जड किंवा ढिल्या स्टेअरिंगचे कारण आधी इतरत्र शोधावे. शक्यतो त्याच ट्रॅक्टरचे, त्याच नमुन्याचे चाक घ्यावे. मागणी करताना ट्रॅक्टरचा नमुना, उत्पादनाचे वर्ष आणि स्टेअरिंगचा प्रकार या तीनही गोष्टी कळवाव्यात. ते न मिळाल्यास जुने चाक बरोबर घेऊन जावे आणि दाते, निमुळतेपणा, चावी, आटे व खोली ही पाचही मापे पडताळूनच दुसरे घ्यावे. व्यास मूळ चाकापेक्षा कमी नसावा. एकही माप चुकत असेल तर ते चाक कितीही स्वस्त असले तरी परत ठेवावे व काही दिवस थांबावे. ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला तर होणारे नुकसान पुढे भरून काढता येते. उतारावर चाक हातात मोकळे फिरले, तर होणारे नुकसान कोणत्याही हंगामात भरून येत नाही.